पाच देशांच्या बॅटऱ्या

भूगोलाच्या पुस्तकातली जर्मनी मी परीक्षा संपताच विसरले. बॅटरीतली जर्मनी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे: चपटी, राखाडी, कडेला लाल-हिरवी काच सरकवायची सोय, आणि सेल मिळायची मारामार. बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्या नागपुरात त्या काळी टॉर्चला टॉर्च कोणी म्हणत नसे. मी मॅट्रिकला होते त्या एका वर्षात आमच्या दोन खोल्यांच्या घरात पाच देशांच्या बॅटऱ्या आल्या, आणि त्यातली एकही हौसेखातर आली नव्हती.

बाबा टॉकीजमध्ये कामाला होते. तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घ्यायचा आणि माणसाला अंधारात त्याच्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, हे त्यांचं काम. येणारे-जाणारे त्यांना मामा म्हणत. उजेड प्रेक्षकाच्या पायाशी टाकायचा, तोंडावर कधीच नाही, हा त्यांचा नियम होता. नवीन लागलेल्या माणसाने कुणाच्या तोंडावर उजेड टाकला तर बाबा सिनेमा संपेपर्यंत त्याच्याशी बोलत नसत.

खरं तर बाबांना बॅटरी स्वतःसाठी लागतच नव्हती. पंधरा वर्षांत तो हॉल त्यांच्या पायांना पाठ झाला होता. दारापासून सात पावलांवर पहिली ओळ, पुढे दर दोन पावलांना एक. ओळीत शिरलं की खुर्च्यांच्या पाठी उजव्या हाताने मोजत जायचं. ही पावलं ते मला गोष्टीसारखी सांगायचे. बॅटरी मागून येणाऱ्या माणसाने ठेचकाळू नये म्हणून, एवढंच.

मग मालकाने टॉकीज आठ दिवस बंद ठेवली. लाकडी खुर्च्या गेल्या, गादीच्या आल्या. मधली वाट डावीकडे सरकली, ओळी कमी झाल्या, पायऱ्यांची उंची बदलली. लोक खूश झाले. बाबा मात्र पहिल्याच आठवड्यात दोनदा चुकले. सीच्या माणसाला त्यांनी डीमध्ये नेलं, आणि एका नवरा-बायकोला दोन टोकांना बसवलं. घरी येऊन त्यांनी टॉकीजने दिलेली बॅटरी खाटेवर आपटली.

"हिंदुस्थानी माल! याच्यात का उजेड आहे? काजवा बरा."

मला ते पटलं. घरातल्या सगळ्यांना पटलं. त्या काळी आपल्या मालाला नावं ठेवायला कुणाला पुरावा लागत नसे. पण आमच्या घरात नुसतं पटून चालायचं नाही. नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्या वर्षी मी आईच्या पोटात होते; बाबा पांढरा सदरा घालून त्या गर्दीत उभे होते. तिथून त्यांनी एक गोष्ट कायमची घरी आणली होती: कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पारखून घ्यायचं. मग तो देव असो की दुधातलं पाणी. त्यामुळे बॅटऱ्याही पारखायच्या ठरल्या, आणि ते काम विज्ञान शिकणाऱ्या माझ्याकडे आलं.

मी एक वही केली. देश, उजेड किती पावलांवर पोचतो, सेल किती शो टिकतात, बटण कसं आहे, शेरा. दिवेलागण झाली की घरामागच्या बोळात भिंतीला कॅलेंडरचं पान चिकटवायचं. बाबा पावलं मोजत मागे जायचे, बॅटरी लावायचे आणि तारखा वाचायचे. मग मी वाचायची. मला ते काम फार आवडलं होतं. शेजारच्या मुली विणकाम करायच्या, आणि माझ्या वहीत चीन आणि रशिया होते. मी भलतीच शेफारले होते.

चीनची बॅटरी इतवारीच्या बाजारातून आली. चकचकीत, हातात गार लागणारी, बुडाच्या झाकणात जादा बल्ब ठेवलेला. शेजारचे काका म्हणाले, "बासष्टच्या लढाईनंतर चीनचा माल घरात आणता गा?" बाबा म्हणाले, "या बॅटरीनं लढाई केली काय?" उजेड लांब जायचा, पण मधोमध काळा ठिपका पडायचा, आणि तिसऱ्या आठवड्यात बटण अडकलं. मी शेरा लिहिला: रूप आहे, गुण नाही.

रशियाची बॅटरी भिलाईहून आली. शेजारच्या काकांचा मेहुणा तिथल्या, रशियाच्या मदतीने उभारलेल्या पोलाद कारखान्यात नोकरीला होता. तिला सेलच नव्हते. मुठीत धरून दांडी दाबत राहायची, आत काहीतरी फिरायचं आणि बल्ब पेटायचा. मी तर वेडीच झाले. सेलचा खर्चच नाही! सेलच्या रकान्यात मी तिला पहिला नंबर देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तीनच्या शोला पडद्यावर नायकाची आई शेवटचे श्वास घेत होती, सगळा हॉल नाक ओढत होता, आणि वाटेतून बाबा आले घर्र घर्र घर्र करत. कुणीतरी ओरडलं, "मामा, गिरणी बंद करा!" रडणारी माणसं हसायला लागली. रशिया एका दिवसात घरी परत आला.

जर्मनीची बॅटरी सदरच्या भंगारवाल्याकडे सापडली. तिच्याइतका नितळ उजेड मी नंतर कधी पाहिला नाही, कुठे ठिपका नाही की कडा नाही. पण तिचा चपटा सेल नागपुरात मिळेना. आम्ही सगळा बाजार पालथा घातला. आठ दिवसांत ती विझली आणि फळीवर जाऊन बसली.

या प्रत्येक बॅटरीगणिक बाबांची चिडचिड वाढत चालली होती. जेवताना उठायचे, बल्ब काढून पुसायचे, परत बसवायचे. आई कंदिलाची काच पुसायला गेली तरी, "राहू दे, मी पुसतो." त्यांना पाहून मलाही स्वस्थ बसवेना. वाचायला बसले की पाय हलत राहायचे. टॉकीजमधल्या चुका थांबत नव्हत्या आणि माझ्या वहीतली पानं भरत होती.

शेवटी जपान. जरीपटक्यात एक दुकान होतं, बाहेरून आलेला माल ठेवणारं. दुकानदाराने रुमालात गुंडाळलेली बॅटरी काढली आणि म्हणाला, "काका, असली जापान है. एक बार ले लो, फिर भूल जाओ." आईने साडीसाठी साठवलेले पैसे बाबांनी मुकाट्याने मोजून दिले. मी ती बॅटरी घरापर्यंत पोटाशी धरून आणली.

त्या संध्याकाळी बोळात जाताना मला रोजचं पान सापडलं नाही. आईने ते डब्याच्या तळाशी अंथरलं होतं. म्हणून मी किराणा दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरचं पान फाडून लावलं. आमच्या घरच्या कॅलेंडरवर तारखा वरून खाली जायच्या, त्यामुळे वरच्या ओळीत एक, आठ, पंधरा, बावीस असे आकडे यायचे. किराणा दुकानाच्या पानावर त्या सरळ आडव्या होत्या: एक, दोन, तीन, चार. मी बॅटरी लावली आणि पंचवीस पावलांवरून खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचली. माझा आनंद पोटात मावेना.

"आता तुम्ही, बाबा."

बाबा पंधरा पावलांवर उभे राहिले. उजेड बरोबर पानावर पडला होता. त्यांनी मान थोडी वर केली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "एक, आठ, पंधरा, बावीस."

ते आकडे रोजच्या पानावरचे होते. पान समोर लख्ख दिसत होतं. भिंतीचे पोपडे दिसत होते, भिंतीवरून चाललेली मुंगळ्यांची रांग दिसत होती.

"झकास!" बाबा म्हणाले. "जपान ते जपानच. लिही वं."

मी लिहिलं. जपान, पंधरा पावलं, उत्तम. त्या वहीत मी लिहिलेलं ते पहिलं खोटं. चीनचा ठिपका खरा होता, रशियाची घरघर खरी होती, जर्मनीचा सेल खरोखर मिळत नव्हता. बॅटऱ्यांच्या या खोडी खोट्या नव्हत्या, पण त्यांच्याच आड मी इतके दिवस बाबांकडे पाहिलंच नव्हतं. पारखायला शिकवलेल्या मुलीने बॅटरी पारखली आणि बाप राहून गेला. मला स्वतःचा इतका राग आला की त्या रात्री मी जेवले नाही.

दोन दिवसांनी आई भाकरी थापता थापता हसून म्हणाली, "पाच बॅटऱ्या झाल्या तुमच्या. नाचता येईना, अंगण वाकडं!" तिला काहीच माहीत नव्हतं, ती नेहमीसारखी थट्टा करत होती. मी तिच्यावर अशी खेकसले की तिच्या हातातली भाकरी परातीत पडली. बाबा बल्ब पुसत राहिले.

त्याच आठवड्यात मी दुपारी डबा घेऊन टॉकीजवर गेले तर मॅनेजरच्या खोलीतून आवाज येत होता. बाबांनी बाराच्या शोला एका माणसाला भरलेल्या खुर्चीवर, एका बाईच्या मांडीवरच बसवलं होतं. हाणामारी व्हायचीच काय ती बाकी राहिली होती.

"मामा, मी किती दिवस सांभाळून घेऊ?" मॅनेजर म्हणत होता. "शुक्रवारी नवा पिक्चर लागून राहिला. मालक स्वतः हॉलमध्ये बसणार आहेत. त्यांच्यासमोर एक जरी गडबड झाली, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका."

बाबा म्हणाले, "नवी बॅटरी आहे साहेब, जपानची. आता नाही होणार."

मी डबा दारात ठेवून निघाले. रस्त्याने मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. बाबांचा, माझा, त्या गादीच्या खुर्च्यांचा. मॅट्रिकची फी, घरभाडं, सगळं त्या हॉलच्या अंधारात बाबांच्या पायांवर उभं होतं. मला कळलंय हे त्यांना सांगितलं तर त्यांची मान खाली जाणार, नाही सांगितलं तर शुक्रवारी नोकरी. रात्रभर मी कूस बदलत राहिले. सकाळी उठले तेव्हा एकच गोष्ट सुचली होती.

"बाबा," मी म्हटलं, "गुरुवारी सकाळी हॉल रिकामा राहते ना? मी येते. नव्या खुर्च्यांची पावलं मोजून वहीत लिहू."

वाटलं होतं चिडतील. पण ते इतक्या चटकन "चाल" म्हणाले, की मीच गडबडले.

झाडूवाली बाई ओळी झाडत होती. आम्ही दारापाशी उभे राहिलो. मी बॅटरी धरून पुढे चालायची, पावलं मोठ्याने मोजायची, आणि बाबा माझ्यामागून. दारापासून नऊ, मग पायरी, मग तीन, परत पायरी. खुर्चीची पाठ आता कमरेच्या वर लागत होती. हात कुठे ठेवायचा ते त्यांनी चार-पाचदा करून पाहिलं. मग ते पुढे आणि मी मागे. मी मुद्दाम तिकीट नंबर ओरडायची, "जी बारा! बी चार!" आणि ते मला नेऊन बसवायचे. पहिल्यांदा आम्ही निम्म्याहून जास्त चुकलो. सातव्या-आठव्या फेरीला चुका संपल्या. बाबांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. डोळ्यांबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी मी शाळेत होते आणि मास्तर काय शिकवत होते ते मला आजही सांगता येणार नाही. हॉल गच्च भरला होता म्हणे. मालक मधल्या ओळीत बसले होते. बाबांनी एकही माणूस चुकवला नाही.

शनिवारी सकाळी आई नळावर गेली होती. मी बाबांना वाढत होते. ते खुशीत होते.

"मालकानं मले बलावलं. म्हणे, मामा, बॅटरी भारी दिसते, कुठली हाय? म्या म्हटलं, जपानची. तर मॅनेजरले म्हणते, सगळ्यायले हेच घेऊन द्या!" ते हसायला लागले. "जपानचं नाव झालं पाय!"

मला हसता येईना.

"बाबा, तुमाले दिसत नाही ना?"

भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

"तुले कधीपासून माहीत?"

"जपानपासून."

"मले हिंदुस्थानीपासून माहीत होतं," बाबा म्हणाले. "खुर्च्या बदलल्या त्याच हप्त्यात मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डाक्टर म्हणे, अंधारातलं आधी जाते, मंग हळूहळू उजेडातलं. म्हणे याले दवा नाही."

मी वाटी आदळली. "मंग एवढ्या बॅटऱ्या काहून घेतल्या? आईच्या साडीचे पैसे काहून घातले? मले ते वही काहून भरून घ्याले लावली?"

बाबांनी तुकडा वरणात बुडवला, पण तोंडात घातला नाही.

"बॅटरी बदलता येते वं पोरी," ते म्हणाले. "म्हून बदलून पायली."