ट्रॅकवरचं सोयाबीन

आमच्या वस्तीच्या मागून पूर्वी छोटी गाडी जायची. मोठी लाईन आली तेव्हा रेल्वेनं ते वळण सोडून सरळ वाट धरली आणि आमच्या मागचा तुकडा तसाच पडून राहिला. रूळ गेले, गिट्टी लोकांनी घरांच्या पायात भरली, उरलेल्या जागेवर बाभळी माजल्या. सकाळी डबा घेऊन जायला ती जागा बरी होती, एवढाच तिचा उपयोग. त्यामुळे तिथं डांबरी ट्रॅक होणार, लोक फिरायला येणार, पोरं सायकली चालवणार असं कानावर आलं तेव्हा मी हसलेच. दिवसभर वावरात वाकलेला माणूस संध्याकाळी अजून फिरायला कायले जाईन बाप्पा, असं मीच चारचौघींत बोलले होते.

त्याच उन्हाळ्यात यांना लकवा मारला. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. केनवड म्हणू नका, शिरपूर म्हणू नका, सगळ्या रस्त्यांवरचे खड्डे त्यांना पाठ. रिटायर होऊन घरच्या शेतीत जरा रमले होते, तर डावं अंग गेलं. वाचा राहिली, हात थोडा राहिला, पण क्लच दाबणारा तो पाय लाकडासारखा झाला.

वाशीमच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. वयानं माझ्या लेकीएवढी, पण बोलायला कडक. तिनं मला समोर बसवून सांगितलं, "काकू, गुडघा उचलायचा, टाच आधी टेकवायची. पाय ओढू द्यायचा नाही. आत्ता ओढायची सवय लागली तर ती पुढं मोडत नाही. सपाट जागेवर रोज चालवा." मी तिला विचारलं, आमच्या गावात सपाट जागा कुठून आणू? गल्लीत नालीचं पाणी, दगड, म्हशीचं शेण. पाऊस पडला की काळी माती चपलेला धरून बसते, धडधाकट माणूस तिथं लंगडतो.

आणि मग डांबर आलं. रोलर फिरला, कडेला लोखंडी पाइप लागले, फाटकापाशी चालणाऱ्या माणसाचं आणि सायकलचं चित्र असलेला बोर्ड लागला. घराच्या मागच्या दारातून दहा पावलांवर, ताटासारखं सपाट. मला तर वाटलं, हा ट्रॅक माझ्यासाठीच केला. आधी हसलेली मी, आता ठेकेदाराला मनातल्या मनात आशीर्वाद देत होते.

रोज सकाळी आम्ही दोघं निघायचो. मी त्यांच्या डाव्या बाजूला, माझं तोंड चालू. "गुडघा. गुडघा उचला. टाच." हे चिडायचे. "सोताले कंडक्टर समजली काय वं तू? घंटी वाजवून राह्यली सारखी." मी म्हणायची, वाजवीन, तुमी गाडी नीट चालवा. बायका हसायच्या, हसू दे. पाऊस उघडता उघडता एक दिवस त्यांनी माझा हात सोडला आणि जुन्या पुलापर्यंत एकटे गेले, नुसत्या काठीवर. गुडघा उचलून, टाच टेकवून. पुलाच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि मागं वळून पाहिलं. मी रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

मग सोयाबीन निघालं. आणि नेमका परतीचा पाऊस त्याच्यावर पडला. सगळ्या गावाचा माल ओला. ओला माल व्यापारी हातात घेत नाही, दाताखाली दाणा धरतो आणि मान हलवतो. ऊन पडलं तसं लोकांनी पाहिलं, गावात एवढी लांब, एवढी कोरडी, एवढी गरम जागा एकच आहे. दोन दिवसांत ट्रॅक पिवळा झाला, फाटकापासून पुलापर्यंत. कडेला विटा मांडून ज्यानं त्यानं आपली हद्द आखली.

सोयाबीनवर पाय ठेवून पाहा एकदा. गोल दाणा, खाली डांबर. टाच टेकली की माणूस गेलाच.

सगळ्यात पुढं पसरलं होतं माझ्या मोठ्या भासऱ्यांनी, यांच्या सख्ख्या भावानं. मी गेले भांडायला. म्हटलं, "भाऊ, एक हातभर पट्टी सोडा. यांना चालायचं आहे." ते वाईट नाहीत. लकव्याच्या दिवशी यांना उचलून जीपमध्ये घालणारे तेच. त्यांनी फावड्यानं एक पट्टी मोकळी केली. दुपारी वाऱ्यानं, कोंबड्यांनी, पोरांनी ती भरून टाकली. मी पंचायतीत गेले. तिथले साहेब म्हणाले, "बाई, ट्रॅक सगळ्याइचा हाये. मी कोणाकोणाचं सोयाबीन उचलू?"

बरोबरच होतं त्यांचं. कारण घरी अंगणात आमचाही ढीग पडलेला होता. रात्री झाकला, सकाळी ताडपत्री काढून आत हात घातला तर आत गरम. आंबूस वास यायला लागला होता. अजून दोन दिवस असाच राहिला असता तर वर्षाचं पीक उकिरड्यावर गेलं असतं. मी ढिगापाशी बसून राहिले. कोणावर चिडावं तेच कळेना. मग उठले, घमेल्या-घमेल्यानं माल ट्रॅकवर नेला आणि भाऊंच्या विटा जरा सरकवून पसरला. जिथं यांनी माझा हात सोडला होता, त्याच जागेवर.

दुपारी हे काठी टेकत मागच्या दारातून आले. चपला काढल्या आणि सोयाबीनमध्ये शिरले. माझा जीव उडाला. मी धावले, पण हे पडले नाहीत. कारण त्यांनी पाय उचललाच नाही. डावा पाय जसा होता तसा ओढला, आणि दाण्यांत सरळ चर पडत गेला. खालचा ओला दाणा वर आला. वाळवण आम्ही असंच फिरवतो, पाय न उचलता, घासत घासत. आम्हाला मुद्दाम करावं लागतं. यांचा पाय आपोआप करत होता.

भासरे पलीकडून म्हणाले, "पाहा, कसा नांगर चालून राह्यला. बुढ्या, इकडंही ये, आमच्याही मालात फीर."

हे हसले. लकवा मारल्यापासून त्यांना कोणी कामाला हाक मारली नव्हती. लोक चहा द्यायचे, खुर्ची द्यायचे, काम नाही. ते भावाच्या पट्ट्यात गेले, मग शेजाऱ्याच्या. ऊन असेपर्यंत दिवसभर, रोज. संध्याकाळी घरी येऊन पाय पुढं करून बसायचे आणि सांगायचे, आज कोणाकोणाचं फिरवलं. जेवायचेही पोटभर. "गुडघा" हा शब्द माझ्या ओठापर्यंत यायचा आणि मी गिळायची. काय सांगणार होते मी? की तुमी कामाचे झालात ते थांबवा?

माल वाळला, पोती भरली, ट्रॅक पुन्हा काळा झाला. सकाळी आम्ही निघालो. मी म्हटलं, गुडघा. त्यांनी प्रयत्न केला, कपाळावर घाम आला. पाय नाही उचलला. डांबरावर चप्पल खर्र वाजत गेली. पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या मुलीनं ती झिजलेली चप्पल हातात घेऊन पाहिली आणि मला विचारलं, "काकू, मधे चालवलं नाही का?" मी म्हटलं, चालवलं ना, रोज दिवसभर चालले. तिनं चप्पल उलटी करून घासलेला तळ मला दाखवला.

आता आम्ही रोज जातो. शहरातून दोन-चार लोक बूट घालून येतात, पोरं सायकली पळवतात, ट्रॅक छान आहे असं सगळे म्हणतात. परवा पुलापाशी हे थांबले. मला वाटलं दमले. पलीकडच्या वावरात तुरीला फुलं आलेली, तिकडं बघत होते.

"तूर कवा निघन वं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत.