पेटीतली खोट

पत्नी मंगळवारी गेली. तिने चहा ठेवला होता. तो मी गॅसवरून उतरवला.

काही महिन्यांनी मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, आईची पेटी नुसती पडून आहे. कोणीतरी वाजवेल तरी. टाका ना ऑनलाइन.” मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत पेटीला तशी जागाही नव्हती. मी हो म्हटलं.

पेटी आली होती तीही अशीच, जुन्या वस्तू विकणाऱ्या ॲपवरून. अशा खरेदीआधी मी विक्रेत्याबद्दलचा प्रत्येक अभिप्राय वाचायचो, तळटिपा वाचाव्यात तसा. पत्नीला ते पटायचं नाही. ती मालवणकडची. बाजारात कोळणीपुढे उभी राहून आधी विचारायची, “आज काय घेऊ नको, ते सांग.” कोळीण हसून “सुरमय नको गो, कालची हाय,” म्हणाली की ही तिच्याकडूनच बांगडे घ्यायची. ‘सगळंच ताजं’ म्हणणारीला पुढच्या खेपेला टाळायची.

ॲपवरही तिने हाच प्रश्न चालवला. सगळे तारे मिळवलेल्या एका दुकानदाराने कळवलं, “एकदम झकास पीस, काही प्रॉब्लेम नाही.” दहिसरच्या एका गृहस्थांनी लिहिलं, “एक काळी पट्टी दाबल्यावर वर येत नाही, बोटाने उचलावी लागते. दुरुस्त करून पाहिली, पुन्हा तेच.”

“हा माणूस खरा,” ती म्हणाली. “तुमचे तारे राहू देत तुमच्यापाशी.”

पट्टी तशीच राहिली. गणपतीत आरतीच्या ज्या ओळीत ती लागायची, तिथे पत्नी बोटाने पट्टी उचलायची आणि सूर क्षणभर थांबायचा. घरचे, शेजारचे, सगळे त्या जागी थांबायला शिकले. ती गेल्यानंतरच्या गणपतीत पेटी उघडलीच नाही. तरी त्या ओळीत आम्ही थांबलो.

जाहिरातीला उत्तरं आली. बहुतेकांना फक्त किंमत कमी करून हवी होती. विक्रोळीच्या एका तरुण मुलीने मात्र विचारलं, “काका, खोट काय आहे तिच्यात?” मी पट्टीबद्दल लिहिलं.

ती रविवारी आली. जमिनीवर बसून तिने पेटी वाजवली. हात चांगला होता. पट्टी अडकली तेव्हा तिला हसू आलं.

“एवढंच ना! आमच्या भजनी मंडळात एक जण आहेत, नवी स्प्रिंग टाकून देतील. कधी अडकत होती हे कळणारही नाही.”

“नको,” मी म्हटलं. “पेटी द्यायची नाही.”

“म्हणजे? पैसे कमी पडतायत का?”

“नाही.”

“अहो काका, मग जाहिरात कशाला टाकलीत? रविवारचा मेगाब्लॉक, गाड्या बंद, रिक्षा बदलत बदलत आलेय मी!”

मी चहा विचारला. तिने नको म्हटलं. पेटीचं झाकण मात्र जाताना नीट लावलं.

संध्याकाळी ॲपवर माझ्या नावाखाली एक तारा दिसला. “माणसाने दोष खरा सांगितला. पण घरी बोलावून वस्तू दिली नाही. यांच्या भरवशावर जाऊ नका.”

मी तो अभिप्राय सवयीने पुन्हा पुन्हा वाचला. त्यात काहीच खोटं नव्हतं. त्या मुलीसारखा हात पेटीला आता मिळायचा नाही, हेही कळत होतं. पत्नीने पेटी त्याच मुलीला दिली असती, आणि स्प्रिंग येईपर्यंत पट्टी कशी उचलायची तेही शेजारी बसून दाखवलं असतं. तिला परत बोलवावं, असं मनात आलं. काय लिहावं ते सुचलं नाही. मग उशीर झाला.

जाहिरात मी काढून टाकली. पेटी खिडकीखाली आहे. मला वाजवता येत नाही.