बैलानं खाल्लेला कौल

बडनेऱ्याला मी उतरले आणि माझी वळकटी नागपूरला गेली. दोघींनी एकत्र उतरायचं ठरलं होतं, पण हमालानं पिशवी उतरवली, छत्री उतरवली, मला जवळजवळ उचलून उतरवलं आणि वळकटीकडे पाहायच्या आत गाडी हलली. मी फलाटावर उभी राहून ओरडले. पुण्याच्या शाळेत तीस मुलींना जाग्यावर बसवणारा आवाज तो, पण इंजिनापुढे काय चालणार?

तिथून अमरावतीची गाडी घेतली. माझी शाळकरी मैत्रीण यमू अमरावतीत असते. तिनं वळकटीची हकिकत ऐकून पोट धरून हसून घेतलं, मग स्वतःची गोधडी काढून दिली. दोन दिवस अंबादेवीचं दर्शन, संत्री आणि गप्पा. संत्र्यांच्या साली सोलता सोलता बोटं पिवळी झाली. यमूचे यजमान वकील. मी भाच्याकडे निघाले आहे म्हटल्यावर ते जेवता जेवता थांबले.

"म्हणजे त्या गावाला? जिथे छोट्या रेल्वेसाठी लोकांना विचारणार आहेत?"

"हो. माझा विनायकच तिथल्या कमिटीचा अध्यक्ष."

"मग त्याला सांगा, हे असले चाळे कमिटीनं करायचे नसतात. लोकांना काय कळतंय रेल्वेतलं?"

"रेल्वेसाठी वाढीव पट्टी कोण भरणार आहे?" मी विचारलं.

"लोक."

"मग तेवढं तर कळत असेल त्यांना," मी म्हटलं आणि पातोडीचा रस्सा वाढून घेतला. त्या रश्शानं डोळ्यांतून पाणी काढलं, पण वकिलासमोर रडते आहे असं वाटू नये म्हणून आणखी एकदा घेतला.

अकोल्याला जठारपेठेत यमूच्या नणंदेकडे चहा झाला आणि तिथूनच पुढची दमणी (माणसं नेणारी टपाची बैलगाडी) ठरली. गाडीवानाचं नाव सुखदेव, विनायकच्याच गावचा. चाळिशीचा, उंच, डोक्याला लाल पटका. बैलांत एक तांबडा, एक पांढरा. पांढऱ्याचं नाव चांद्या. हा चांद्या वाटेनं जे हिरवं, पिवळं, वाळलेलं दिसेल त्याच्याकडे मान वळवी आणि सुखदेव त्याला लाडानं शिव्या घाली.

विनायकचं गाव हिवरखेडच्या वाटेवर. नाव लिहीत नाही, त्या गावची माणसं मला अजून पत्रं घालतात. वाट काळ्या जमिनीची, हिवाळ्यात टणक, चाकोऱ्या दगडासारख्या. दोन्हीकडे तुरी उभ्या आणि कापूस वेचून झालेल्या पराट्या. पूर्णेच्या काठी थांबून चहा घेतला, तर तो खारट! मी तोंड वाकडं केलं.

"खारं पानी हाय बाई इकडलं," सुखदेव म्हणाला. "सवय होते. नाई झाली तं मानूस डोंगराकडं ऱ्हायाले जाते."

मी त्याला सरळच विचारलं, "ही छोटी रेल्वे आली तर तुमच्या गाड्यांचं काय होणार?"

"काय व्हते? बैल इकाचे अन् कापसाच्या जिनात गठ्ठे उचलाचे."

"मग तुम्ही काय करणार?"

"जवारी टाकीन."

मला काही उमगलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. गावात लिहिता येणारे थोडे, म्हणून अध्यक्षांनी युक्ती काढली होती. दर चुलीमागे एक मत. प्रत्येकाला एक सरकी (कापसाचं बी) आणि एक ज्वारीचा दाणा द्यायचा. घोंगड्याच्या आड एक मडकं. रेल्वे हवी आणि तिच्यासाठी वाढीव घरपट्टी भरायला तयार असाल, तर सरकी टाका. नको असेल तर ज्वारी. उरलेला दाणा कनवटीला लावा नाहीतर खाऊन टाका. माझ्या भाच्याचं डोकं बरं चालतं, हे मला त्याच्या लहानपणी कधी दिसलं नव्हतं.

गावाच्या अलीकडे एका मळ्यापाशी दमणी थांबली. सुखदेवला तिथली वांगी दुसऱ्या दिवशी गावच्या बाजाराला न्यायची होती. मळ्याची मालकीण सगुणाबाई माळी, पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी ती आणि सून. तिनं मला धुऱ्यावर (बांधावर) बसवलं, हुरडा भाजून दिला आणि माझं पुणं, माझी नोकरी, माझं लग्न न होणं, सगळं दोन मिनिटांत विचारून घेतलं. पुण्यात याला आगाऊपणा म्हणतात. तिथे मला ते आवडलं.

"तुमचं मत काय, सरकी की ज्वारी?" मी विचारलं.

"सरकी! इचारता काय?" ती म्हणाली. "गेल्या सावनात याच्याच गाडीत झेंडू अन् मेथी भरली व्हती. मंधात गाडी गाऱ्यात रुतली. हा बिचारा गुडघ्याइतक्या चिखलात उभा, बैल बसले, माल तिथंच सडला. पूर्णेत ओतला म्या. दर पावसाळ्यात हेच. यंदा रेल्वेचं नाई जमलं तं मळा बटईनं देऊन टाकतो अन् लेकीकडं जाऊन ऱ्हातो."

सुखदेव वांग्यांच्या टोपल्या चढवत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्यानं टोपली नीट बसली की नाही हे हातानं दाबून पाहिलं. मला दोघांचंही पटत होतं, आणि असं झालं की माझी फार चिडचिड होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात मतं पडली. काय गर्दी! बाया डोक्यावरचा पदर सावरत रांगेत, म्हातारे काठी टेकत, आणि घोंगड्याआडून प्रत्येक जण असा बाहेर येई की जणू आत देवाशी बोलून आला. दुपारी मडकं रिकामं करून दाणे निंबाखाली पांढऱ्या चादरीवर ओतले. सरकी एकीकडे, ज्वारी एकीकडे असं निवडायला पंच बसले. तेवढ्यात विनायकला वाटलं, मोजणीआधी चार शब्द बोलावेत.

चार शब्द! भाषणात विनायक रोममध्ये गेला, लंडनला जाऊन आला, नागपूरच्या सरकारला दोन कानपिचक्या दिल्या. पंचही उठून ओट्यापाशी ऐकायला गेले. मी उन्हात बसून कंटाळले होते म्हणून सुखदेवला दमणी सावलीत, निंबाच्या पलीकडे घ्यायला सांगितलं. त्यानं बैल सोडून चाकाला बांधले आणि तोही भाषण ऐकू लागला.

पुढचं मी ऐकलं आधी आणि पाहिलं नंतर. कडकड, कडकड, अगदी समाधानाचा आवाज. चांद्यानं दावं ओढून सोडवलं होतं आणि तो चादरीवर मान घालून उभा होता. सरकी म्हणजे बैलाची मेजवानी, वर तोंडी लावायला ज्वारी. आम्ही धावलो तोवर गावाचा कौल त्याच्या पोटात गेला होता. चादरीवर उरली ती लाळ.

मग जो गोंधळ उडाला! कुणी म्हणालं, हा गाडीवानांचा कावा आहे. कुणी म्हणालं, सरकीच जास्त होती, डोळ्यांनी दिसत होती. कमिटीतले एक काळी टोपीवाले गृहस्थ ओट्यावर चढले. पट्टी वाढली तर आपल्याला लोक निवडून देणार नाहीत, ही त्यांची भीती गावात सगळ्यांना ठाऊक होती. ते म्हणाले, "झालं ते बरं झालं. असं लोकांना विचारत बसलं की असंच व्हायचं. आता हा विषय कमिटीनं फायलीत ठेवावा."

फायलीत ठेवावा म्हणजे पुरून टाकावा. विनायकचा चेहरा पडला. गर्दीतून वाट काढत सगुणाबाई पुढे आली. ती रडली नाही. तिनं सुखदेवकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुखदेवा, तुया बैलानं माया पावसाळा खाल्ला गा."

सुखदेवनं फक्त गप्प राहायचं होतं. विषय फायलीत गेला असता, दमणी चालू राहिली असती, बैल दावणीला राहिले असते. त्यानं पटका काढला, घाम पुसला आणि पुन्हा बांधला.

"थांबा बाप्पा," तो म्हणाला. "बैल माया हाय. आज विषय बंद केला तं उद्या लोक म्हनतीन, याची गाडी बैलानं चोरलेल्या मतावर चालते. मी हारलो तं हारलो. चोर नाई हाव. पुन्हा वाटा दाने."

"आणि पुन्हा बैलानं खाल्ले तर?" काळी टोपी म्हणाली.

"गावातले समदे बैल नदीवर नेऊन बांधतो. मी सोता बांधतो!"

हशा उसळला आणि मी, वयाची लाज न बाळगता, टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे बैल नदीवर गेले. आदल्या दिवशी जे आळसानं घरी बसले होते तेही आले, कारण ज्या मतासाठी एवढं भांडण झालं त्यात काहीतरी असणारच. विनायकला मी ताकीद दिली होती. तो एक वाक्य बोलला, तेही मोजणी झाल्यावर. सरकीचा ढीग मोठा होता.

मी सुखदेवकडे पाहिलं. तो ढिगाकडे पाहत होता. मग सगुणाबाई त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "मळ्यापासून टेसनापावतर भाजी काय मी डोक्यावर नेऊ? बैल इकशीन तं तुयाशी बोलनार नाई."

"पाहू काकी," तो म्हणाला, पण थोडा हसला.

परतीला त्याचीच दमणी. अकोल्याचं स्टेशन दिसेपर्यंत मी धीर धरला, मग राहवलं नाही. "दुसऱ्या खेपेला काय टाकलंत?"

"जवारीच. पोट माया हाय ना बाई."

"मग वाईट वाटतंय?"

"वाटून तं राहिलं. खोटं काहून बोलू?" त्यानं चांद्याच्या पाठीवर थाप मारली. "पन माया बापाच्या वक्ती मोठी रेल्वे आली, तवा त्याले कोनी इचारलं नाई. एक दिस उठला तं रूळ दिसले. मले इचारलं. हारलो, पन इचारून हारलो."

पुण्याला पोचले तर वळकटी माझ्या आधी येऊन बसली होती, आणि आमच्या गल्लीत नळासाठी कंबरभर चर खणलेला होता. नळ कुणाच्या दारातून जायचा, कुणाचा ओटा फुटायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी म्हणाले, वरून हुकूम आहे, आपण काय करणार? इतकी वर्षं मीही हेच म्हणत आले होते. मी छत्री घेतली, तशीच वॉर्डाच्या सभासदांच्या घरी गेले आणि कडी वाजवली.

"या बाई! आज इकडे कुठे?" ते म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं. "नळाबद्दल तुमचं मला विचारायचं राहिलंय. ते विचारून घ्या. मी बसते."