मनुकांचा रस

"पाळकीणबाई, या महिन्यापासून प्रभुभोजनाचा रस आमच्या घरून येईल. तुम्हाला उगाच त्रास."

चर्चच्या पायरीवर, चार बायकांसमोर मोठ्या बाई बोलल्या. त्यांचा नवरा कमिटीचा सेक्रेटरी. मी म्हटलं, "त्रासाचं मी कुठं बोलले?" त्या हसल्या. पदर सावरून निघून गेल्या.

माझा नवरा मेथडिस्ट पाळक. गिरणी संपानंतर आमची बदली घाटकोपरला झाली. आमच्या मंडळीत दारू चालत नाही. म्हणून प्रभुभोजनात भाकरीबरोबर द्यायच्या द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. पाळकाच्या बायकोचं काम. बदली झाली तिथं मी ते केलं. कुणी नावं ठेवली नाहीत. मग इथंच त्रास कसला?

मी बघत राहिले. त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो की सगळ्यांना कपबशी, आम्हा दोघांना काचेचे ग्लास. ते ग्लास खिडकीत वेगळे पालथे. नवरा म्हणायचा, "तुला सगळीकडं तेच दिसतं." मी म्हणायची, "असतंच सगळीकडं."

त्याचा दिवस सायकलवर जायचा. भटवाडी, पार्कसाइट, काम सुटलेल्या गिरणीवाल्यांची घरं. आजाऱ्याच्या उशाशी बसायचा, मयताला खांदा द्यायचा. पण कमिटीसमोर मान खाली.

एकदा चर्चमागच्या खोलीत फुलदाणी आणायला गेले. आत मोठ्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, "बाप्तिस्म्यानं जात धुतली असेल, पण त्यांच्या हातचं घशाखाली उतरत नाही गं."

त्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले. माझे आजोबा मांगाचे. पाणी एकच होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंडळी फुटेल. सोडून दे."

प्रभुभोजनाच्या रविवारी मी माझा रस केला. त्यांच्या चकचकीत सुरईशेजारी माझी स्टीलची बरणी ठेवली. नवऱ्यानं उपदेश केला, ख्रिस्तात सगळे एक. मग हात पुढं केला. सुरई उचलली.

लोक रस घ्यायला वेदीच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकू लागले. मी बाकावरच बसले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्या चर्चनं पाहिलं. मी उठले नाही.

बाहेर मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, पाळकाचीच बायको रुसली!"

"रुसले नाही," मी म्हटलं. "ओळखलं."

पुढच्या महिन्यात नवऱ्यानं मनुकांचा पुडा आणून ओट्यावर ठेवला. "तूच कर. कुणाला कळणार नाही."

"कळायलाच पाहिजे. आधी मंडळीसमोर सांगा, रस कुणी केलाय. मग भिजवते."

त्यानं सांगितलं नाही. बदलीचा हुकूम आला तेव्हाही पुडा तसाच होता. मी तो ओट्यावरच ठेवून निघाले.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुलुंडला राहते. नवे पाळक घरी येतात. "आजी, प्रभुभोजनाला उठत का नाही?"

मी विचारते, "रस कुणाच्या हातचा?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"मग माझ्या हातचा घ्या. सगळ्यांना सांगून घ्या."

ते चहा संपवतात, प्रार्थना करतात, जातात. मी दर रविवारी चर्चला जाते. पुढच्या बाकावर बसते, सगळ्यांना दिसेल अशी. जिथं माझा हात चालत नाही, तिथं माझे गुडघे टेकणार नाहीत.