विंगेतून पाहिलेले आबासाहेब

आबासाहेबांचा एकच किस्सा सांगून कुणी थांबलंय, असं आमच्या नाट्यमंडळात कधी झालं नाही. एकाचा संपला की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही." मी शाळेतली शिक्षिका. संध्याकाळी तालमींना प्रॉम्प्टिंग करायचे. विंगेत बसून बसून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

आबासाहेब जुन्या काळातले नट. आधी नाटकं, मग कृष्णधवल सिनेमे. दिसायला देखणे, पण वाट्याला कायम खलनायक. कामं थांबली तसे बडोद्याच्या घरी परतले. पहिल्या दिवशी ते आमची तालीम तीन तास मागच्या खुर्चीत बसून बघत होते. आमचा दिग्दर्शक सुधीर मकरपुऱ्याच्या कारखान्यात फिटर. त्याने भीत भीत विचारलं, कशी वाटली?

"पाठांतर चोख आहे. आता एकमेकांचं ऐकायला लागा."

*

घरोघरी केबल आली आणि त्यांचे जुने सिनेमे दुपारी लागू लागले. एकात ते आईला घराबाहेर काढतात. दुसऱ्या दिवशी लहरीपुऱ्यातल्या भाजीवाल्या बेननी त्यांना कोथिंबीर द्यायला साफ नकार दिला. स्वतःच्या आईला हाकलणाऱ्याला भाजी नाही म्हणे! मी समजावायला गेले, तर आबासाहेबांनी मला थांबवलं आणि हात जोडले.

"भूल थई गई, बेन."

बेननी कोथिंबीर दिली. वर चार मिरच्याही टाकल्या.

*

पादरा गावातल्या प्रयोगाला आमच्या एका नटाची शिफ्ट बदलली. पोस्टमनची भूमिका, दोन वाक्यं. आबासाहेब म्हणाले, मी करतो. प्रयोगात त्यांनी पत्र दिलं, दोन वाक्यं बोलले आणि आत आले. लोकांनी त्यांना ओळखलं. टाळ्या थांबेनात. सुधीर म्हणाला, एकदा बाहेर जाऊन नमस्कार तरी करा.

"पत्र देऊन झालं ना? मग पोस्टमन परत कशाला येईल?"

*

मुंबईहून मालिकेवाले आले. कॅमेऱ्यामागच्या तरुण मुलीला आबासाहेब ठाऊक नव्हते. तिने नाव, वय, उंची विचारली. त्यांनी सांगितली. डावीकडून, उजवीकडून चेहरा दाखवला. मग तिने अनुभव विचारला. आम्ही अवघडून खाली बघू लागलो.

"थोडाफार आहे," ते म्हणाले. "पण शिकायची तयारी आहे."

*

शेवटी शेवटी त्यांना आठवेनासं झालं. कधी शब्द अडायचा, कधी समोरच्याचं नाव. त्यातच त्यांच्या पत्नी मालतीबाई गेल्या. वर्षभराने आम्ही आबासाहेबांचा सत्कार ठरवला. भाषण त्यांनी मला सांगून लिहवून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही विंगेत बसा. अडलो तर शब्द द्या."

सभागृह भरलेलं. बालपण, पहिली नाटक कंपनी, पहिला सिनेमा, सगळं ओळीने नीट आलं. एकदाही शब्द द्यावा लागला नाही. मग ते म्हणाले, "आणि या सगळ्यात माझ्या पाठीशी उभी राहिली ती..."

तिथे थांबले.

मी हळूच म्हटलं, "मालती."

पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. सुधीर पलीकडून मला हातवारे करू लागला. मी जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं, "मालती."

आबासाहेब विंगेकडे वळले. माईक तोंडासमोरच होता.

"ते पाठ आहे, बाई," ते म्हणाले. "जरा थांबू द्या."