मी पेटवलेला धुरा

उन्हाळ्यात शेताचा धुरा, म्हणजे बांध, पेटवायचा असतो, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. बांधावरचं वाळलेलं गवत, बोरीची झुडपं, त्यातले किडे, सगळं एका काडीत साफ. पेरणीच्या आधी धुरा काळा दिसला की शेत तयार झाल्यासारखं वाटतं. वडील पेटवायचे, मीही पेटवत आलो.

त्या वर्षी मात्र धुरे जाळू नका असं गावाला सांगत फिरणारा माणूसही मीच होतो.

आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावामागे गायरानाची टेकडी आहे. पाऊस आता येतो तो एकदमच येतो आणि टेकडीची माती घेऊन नाल्याला लागतो. विहिरी माघातच तळ दाखवतात. म्हणून गावाने मिळून टेकडीवर चर खोदले, कडुनिंब आणि हिवर लावले, मारवेल गवताची ठोंबं लावली. समिती झाली, मी तिचा सचिव. ठराव दोन होते. टेकडीवर जनावर सोडायचं नाही, गवत विळ्याने कापून न्यायचं. आणि कोणी धुरा जाळायचा नाही. दोन्ही माझ्या अक्षरात आहेत.

त्या गवतावर सगळ्यात जास्त भिस्त होती ती एका वहिनींची. नवरा गेलेला, शेत नाही, पाच शेळ्या. चराई बंद झाली तेव्हा सभेत त्या म्हणाल्या होत्या, "शेळीले काय सांगू, ठराव झाला म्हून?" लोक हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या विळा घेऊन टेकडीवर जायला लागल्या.

माझा धुरा टेकडीला लागूनच आहे. त्यावर बोरी फार माजल्या होत्या, मजूर मिळत नव्हता. एवढ्याशा धुऱ्याने काय होतं, म्हणून एका सकाळी वारा नसताना मी काडी लावली. जवळ बादलीभर पाणी ठेवलं होतं. विझल्यावर पायाने राख चाळली आणि बियाणं बघायला सोनाळ्याला गेलो. धुऱ्यावर गाईचं वाळलेलं शेण पडलं होतं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. शेण वरून विझलेलं दिसतं, आत धुमसत राहतं. दुपारी वारा सुटला. मी परतलो तेव्हा सगळं गाव टेकडीवर होतं, हिरव्या फांद्यांनी आग झोडपत. मीही फांदी उचलली. दिवस बुडेपर्यंत झोडपत राहिलो. लोक म्हणाले, सचिवाने जिवाकडे पाहिलं नाही. माझा धुराही त्याच आगीत जळाला असं सगळ्यांनी धरलं. मी ऐकून घेतलं.

नवा कोंब फुटावा म्हणून शेळीवाले जुनं गवत जाळतात, असा आमच्याकडे एक समज आहे. सभेत कोणीतरी तो बोलून दाखवला. त्या दिवशी वहिनी टेकडीवर दिसल्या होत्या, एवढं पुरलं. "म्या नाई लावली," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचं टेकडीवरचं गवत बंद झालं. तो ठरावही मीच लिहिला. लिहिताना माझा हात थांबला नाही, हेही सांगायला हवं.

दिवाळीपर्यंत त्यांनी तीन शेळ्या विकल्या आणि निंदणाला जायला लागल्या. एकदा मी कडब्याची पेंढी त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

"कायचा चारा, भाऊ?"

"असाच."

"असाच चारा कोणी देत नाई," म्हणून त्यांनी ती उचलून माझ्या खांद्यावर ठेवली.

दोन पावसाळे गेले. जळालेल्या कडुनिंबांना बुंध्यातून धुमारे आले, मारवेल मुळापासून परत उठलं. मग पुन्हा कापणी करायची ठरली, कोणी किती न्यायचं त्याची यादी झाली. वहिनींचं नाव नव्हतं. सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेलो.

"वैनी, आग माझ्या धुऱ्यावरून गेली होती."

त्या शेळीची दोरी खुंट्याला बांधत होत्या. "मले माहीत हाय."

"कसं काय?" मी विचारलं.

"वरच होती ना मी. धूर पहिले तुमच्या धुऱ्यावरून निघाला."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"सचिव तुम्ही, आग विझवणारे तुम्ही. माझं कोण ऐकत होतं?" दोरीची गाठ त्यांनी ओढून पाहिली. "मले सांगून काय होते? मले त माहीतच होतं. सभेत सांगा."

सभेत सांगितलं. शेणाचंसुद्धा सांगितलं. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काऊन बे, आमच्यातल्या कोणी धुरा जाळला असता त तू त्याले सोडला असता का?"

"नाही."

"मंग तुले काय करावं?"

"त्याले सचिवच ठेवा," मागून कोणीतरी म्हणालं, "त्याच्याहून मोठी शिक्षा नाई." हशा झाला, पण सचिवपद त्यांनी काढून घेतलं आणि ते बरोबर केलं. नव्या सचिवाने उठून वहिनींना म्हटलं, "आमचं चुकलं." त्यांनी विचारलं, "गवत कधीपासून?"

माझ्यावर काम आलं ते असं: टेकडीच्या पायथ्याशी गवत खरडून दरवर्षी मोकळी पट्टी ठेवायची, म्हणजे आग आली तरी वर चढणार नाही. पहिल्या दिवशी मी एकटा होतो. दुसऱ्या दिवशी शेजारचे चार शेतकरी फावडी घेऊन आले. त्यातल्या दोघांनी काम करता करता सांगितलं, त्या वर्षी धुरा त्यांनीही जाळला होता, फक्त तो विझला होता. यंदा आमच्या शिवारात एकही धुरा काळा नाही. बोरी आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या शेतात जाऊन तोडतो, काडीकचरा मिरचीच्या बुडाशी पसरतो. ओल टिकते.

माझ्या धुऱ्यावर आता मारवेल आहे. ठोंबं वहिनींनीच आणून दिली, अट घालून, की पहिली कापणी त्यांची. परवा त्या विळा घेऊन आल्या. शेळ्या आता चार झाल्या आहेत. अर्धा धुरा कापून झाल्यावर त्या थांबल्या आणि विळ्याच्या टोकाने दाखवत म्हणाल्या, "भाऊ, इथं शेण पडलं हाय. पाहून घ्या."

मी ते उचललं आणि खताच्या खड्ड्यात नेऊन टाकलं. परत आलो तेव्हा भारा बांधून तयार होता. मी तो त्यांच्या डोक्यावर चढवून दिला.