जुन्या गाण्यांचं स्टेशन

राजारामपुरीत साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मावशीच म्हणायचे. शाळा सुटल्यावर दमून घरी जाताना मी त्यांच्या दुकानात जरा टेकायचे. मशीनशेजारी रेडिओ चालू असायचा, दिवसभर जुनी गाणी लावणारं आमच्या गावचं एफएम स्टेशन. आवडीचं गाणं लागलं, की मावशींचा पाय पायडलवर हलका पडायचा.

त्या वर्षी ही गाणी बंद होणार, अशी बातमी उठली. मावशींना दुसरा विषयच सुचेना. येईल तिला विचारायच्या, "आता काय लावतील वो? कोण म्हणतंय नुसती नवी हिंदी, कोण म्हणतंय रिमिक्स."

"काहीही लावू देत, मावशी," मी कंटाळून म्हणायचे.

एके दिवशी खरंच सगळं बदललं. धडधडणारी नवी गाणी सुरू झाली आणि मधे मधे निवेदक उगाच ओरडायला लागला. मावशी कपाळाला बाम चोळून शिवत बसल्या होत्या.

"अहो, दुसरं स्टेशन लावा की," मी म्हटलं.

"न्हाय बाई." त्यांनी दातानं दोरा तोडला. "लकवा मारल्यापास्नं आमचं मालक घरात झोपून हाईत. आज बी निघताना उशाच्या रेडिओवर ह्येच लावून आलो. त्यास्नी बटण फिरवाय येत न्हाय. त्येनी एकट्यानंच का ऐकायचं?"

त्यांनी पुढची साडी मशीनवर ओढली. ते गाणं संपेपर्यंत मीही तिथंच बसून राहिले.